टोकियोला बिऱ्हाड हलवतोय: निशिकासाई की दुसरीकडे? आणि लेकीची शाळा?

शेवग्याची_शेंग:
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिलाच, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याची टोकियोला बदली झाली आहे. तो जानेवारीत पुढे जाणार, मी आणि मुलं फेब्रुवारीअखेर. ऑफिस ओतेमाचीला. लेक जानेवारीत सहा पूर्ण करेल, धाकटा अडीच वर्षांचा. मी पुण्यात एका सहकारी बँकेत आहे. बिनपगारी रजेचा अर्ज टाकलाय, पण मिळेल असं वाटत नाही, म्हणजे राजीनामाच. नवऱ्याचं जपानी एन-थ्रीपर्यंत, म्हणजे परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत झालंय. माझी गाडी ‘आरिगातो’पाशीच उभी आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, आपली माणसं असतील तिथेच राहा, म्हणजे निशिकासाई, टोकियोतला भारतीय वस्तीचा भाग. नवरा म्हणतो, एवढा समुद्र ओलांडून परत कोथरूडातच राहायचं तर जायचं कशाला? त्याला कावासाकी किंवा योकोहामाच्या बाजूला घर हवंय आणि लेकीला सरळ जपानी सरकारी शाळेत घालायचंय. मला त्या शाळेची धास्ती वाटते. पोरगी भारी बोलकी आहे, तिथे एकदम मुकी होईल.

कंपनी तीन वर्षं म्हणतेय. जे तिथे राहिलेत किंवा राहताहेत त्यांनी सांगा. आदर्श सल्ला नको, रोजचं कसं असतं ते हवंय.

धनुकली:
ये ये! मी निशिकासाईचीच. आधी घराचं सांगते, कारण जानेवारीत नवरा एकटा येऊन जे ठरवेल त्यात दिवसभर तुला राहायचंय.

खासगी मालकाचं घर घेतलं तर डिपॉझिट, त्यावर रेइकिन नावाची मालकाला द्यायची आणि कधीच परत न येणारी दक्षिणा, एजंटची फी, हमीदार कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूप बदलायचे पैसे. सगळं मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं पहिल्याच झटक्यात जातं. शिवाय भाडेकरू परदेशी म्हटल्यावर काही मालक एजंटला फोनवरच नाही म्हणतात, तेही अगदी नम्रपणे. म्हणून इथली बरीच आपली कुटुंबं यू-आर या निमसरकारी संस्थेच्या वसाहतींत राहतात. तिथे रेइकिन नाही, एजंट नाही, हमीदार नाही, दोन वर्षांनी करार नवा करायचे पैसे नाहीत. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि उत्पन्नाचा पुरावा. भाडं दोन लाख येनच्या आत असेल तर कुटुंबासाठी महिना ३ लाख ३० हजार येन उत्पन्न दाखवलं की पुरतं. इमारती जुन्या, पण मोकळी जागा भरपूर आणि खाली खेळायला मैदान.

घर ताब्यात येतं ते खरोखरच रिकामं. छताला दिवे नसतात, नुसती खाच असते. पडदे नाहीत, शेगडी नाही. गॅस सुरू करायला माणूस येतो, त्याची वेळ आधी ठरवावी लागते आणि तेव्हा घरात कोणीतरी लागतं. शेगडीच्या मधोमध मासे भाजायचा कप्पा असतो. आमच्याकडे त्यात भरताचं वांगं आणि पापड भाजतात. ज्याने तो काढला त्याच्या घरी कोणीतरी खानदेशी असणार, अशी माझी समजूत आहे.

ओतेमाची मेट्रोच्या तोझाई लाईनवर थेट, पंधरा-वीस मिनिटं. जलद गाडी निशिकासाईला थांबत नाही हे नवऱ्याला सांगून ठेव. सकाळी आठची गर्दी ज्याने डोंबिवलीला काढली आहे त्यालाच झेपते.

पुणेरी_पाटी:
मिक्सर नेऊ नका. तिथे १०० व्होल्ट वीज आहे, आपला २३० चा मिक्सर नुसता गुरगुरतो. अमेरिकेला नेणाऱ्यांसाठी ११० व्होल्टचे मिळतात, तो घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या नादी लागू नका, तो मिक्सरपेक्षा जड असतो.

कावासाकीचा_कावळा:
मी नवऱ्याच्या पार्टीत. आम्ही मुसाशी-कोसुगीच्या बाजूला राहतो. इमारतीत भारतीय कुटुंब एकच, आमचं. मुलगा पहिलीपासून सरकारी शाळेत, आता चौथीत. पहिले काही महिने गप्प होता हे खरं, पण मुलं कुठे कायम गप्प राहतात? आता बेसबॉल खेळतो, शेजारच्या आज्जींकडे जाऊन टीव्ही बघतो. निशिकासाईत दहा-दहा वर्षं राहून पोस्टात एक वाक्य बोलता न येणारी मंडळी मला माहीत आहेत. शनिवारी पॉटलक, रविवारी क्रिकेट, सोमवारी ऑफिस. जपान त्यांनी खिडकीतून बघितला.

धनुकली:
खिडकीतून काय, मी वॉर्ड ऑफिसच्या काउंटरवर उभं राहून बघितलाय. असो.

गोधडी:
कावळेदादा, एक विचारू? तुमच्या घरी ते पहिले काही महिने दिवसभर घरात कोण होतं?

कावासाकीचा_कावळा:
बायको. का?

गोधडी:
आणि तिला जपानी येत होतं?

कावासाकीचा_कावळा:
एन-टू, एन-थ्रीच्या वरची पायरी. पुण्यातच शिकली, लग्नाआधी एका जपानी कंपनीत अनुवादाचं काम करायची. मुद्दा लक्षात आला. तरीही माझं मत तेच आहे.

गोधडी:
मत ठेवा, पण तिच्या जोरावर तुमचं कावासाकी उभं आहे हेही शेंगाताईंना सांगा.

शेंगाताई, मी दोन्हीकडे राहिले आहे. आधी चिबाच्या पुढे एका शांत, सुंदर, एकही ओळखीचा चेहरा नसलेल्या गावात, मग निशिकासाईत. घर कुठे घ्यायचं हे ऑफिसला जाणाऱ्याच्या सोयीनं ठरतं आणि तिथेच गाडं अडतं. त्याला इकडे नोकरी आयती मिळालेली असते. त्याच्याभोवती माणसं असतात, त्याच्या दिवसाला आकार असतो, चुकलं तर सांगणारं कोणी असतं. घरी राहिलेल्या बाईच्या वाट्याला येतात पत्रपेटीतले कागद. त्यातला कुठला विजेच्या बिलाचा, कुठला शेजाऱ्याने ‘वरून मुलं पळण्याचा आवाज येतो’ म्हणून लिहिलेला आणि कुठला पिझ्झाच्या जाहिरातीचा, हे कळत नाही. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतं आता, पण त्या भाषांतरावरून शेजारी चिडलाय की नुसतं सांगतोय ते समजत नाही.

कचऱ्याचंच घ्या. जळणारा आठवड्यातून दोनदा, प्लॅस्टिक वेगळ्या वारी, काच-डबे-कागद वेगळ्या वारी, न जळणारा महिन्यातून दोनदा. पलंग किंवा सायकल टाकायची तर आधी नोंदणी करायची, दुकानातून पैसे भरून चिकटपट्टी आणायची आणि सांगितलेल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी लाल कागद लावून तिथेच राहते आणि सगळी इमारत ती बघते. यात अवघड काही नाही. पण हे तुम्हाला मराठीत किंवा हिंदीत दारात उभं राहून एकदा दाखवणारं कोणी असेल तर दहा मिनिटांत संपतं, नसेल तर महिनाभर धाकधूक.

म्हणून माझं म्हणणं, पहिलं वर्ष निशिकासाई. तुम्हाला दिवसा हाक मारता येईल अशी दारं तिथे आहेत. भाषा आल्यावर खुशाल योकोहामाला जा.

शेवग्याची_शेंग:
गोधडी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, “पण मी पण घरी असेन ना संध्याकाळी.” मी काही बोलले नाही.

धाकट्याचं काय करायचं? पाळणाघरात घालून मी काही काम करू शकेन का?

चहा_बिनसाखरेचा:
त्या पाळणाघराचं एक वर्तुळ आहे, त्यात सगळ्याजणी फिरतात. होइकुएन म्हणजे दिवसभराचं पाळणाघर मिळतं ते आईवडील दोघं कामावर असतील तर. वॉर्ड गुण देतो, पूर्ण वेळ काम करणाऱ्यांना जास्त, नोकरी शोधणाऱ्यांना अगदी कमी. नोकरी नाही तर जागा नाही, जागा नाही तर नोकरी नाही. एप्रिलच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतात, त्यामुळे फेब्रुवारीअखेर आल्यावर रिकाम्या उरलेल्या जागांमध्येच बघावं लागेल. योचिएन म्हणजे बालवाडी तीन वर्षांपासून, पण ती दुपारी दोनच्या सुमारास सुटते. धाकटा तीनचा होईपर्यंत तासावर ठेवून घेणारी सोय असते, तिला इचिजी होइकु म्हणतात. वॉर्ड ऑफिसात हेच शब्द उच्चारायचे.

पैशांची मात्र चिंता नको. तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी ऑक्टोबर २०१९ पासून देशभर माफ आहे आणि टोकियोने सप्टेंबर २०२५ पासून मान्यताप्राप्त होइकुएनमध्ये त्याहून लहानांचीही माफ केली.

जागा मिळालीच तर तयारीत राहा. रोज एक वही भरायची असते: सकाळचा ताप किती, रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपला, शी झाली का आणि कशी. प्रत्येक डायपरवर नाव. हो, प्रत्येक. ताप ३७.५ झाला की फोन येतो, या आणि घेऊन जा. आपल्याकडे त्याला ‘अंग जरा कोमट’ म्हणतात.

कामाचं: अवलंबित व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. पदवी आहे, बँकेचा अनुभव आहे, एखाद्या कंपनीने घेतलं तर स्वतःचा कामाचा व्हिसाही काढता येतो.

पुणेरी_पाटी:
नवरा ‘उच्च कुशल’ व्हिसावर जातोय का ते बघा. शिक्षण, पगार, वय, जपानी भाषा याचे गुण मोजतात, ७० झाले की मिळतो. त्यात जोडीदाराला काही क्षेत्रांत पूर्णवेळ काम करता येतं, मुलाच्या सांभाळासाठी आईवडिलांनाही आणता येतं, आणि तीन वर्षांनी (गुण ८० असले तर एकाच वर्षानंतर) कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. एरवी दहा वर्षं थांबा. मंडळी शाळेवर डोकं खातात आणि व्हिसाचा प्रकार कंपनी ठरवेल म्हणून सोडून देतात.

दुसरं: पगार भारतातल्या कंपनीकडूनच होणार असेल तर पीएफ ऑफिसातून कव्हरेजचा दाखला काढा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, पाच वर्षांपर्यंत तिकडच्या पेन्शनचे पैसे कापले जात नाहीत.

शेवग्याची_शेंग:
आईवडिलांना आणता येतं?? सासूबाईंना हे सांगू की नको.

पुणेरी_पाटी:
घाई करू नका. मूल सात वर्षांखालचं हवं, घरचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन हवं, आणि नवऱ्याचे किंवा तुमचे, एकाच बाजूचे आईवडील येऊ शकतात. कुठल्या बाजूचे हा प्रश्न मी धाग्यावर घेणार नाही.

सुरमई_फ्राय:
शाळेबद्दल मी. आमची दोघं एदोगावा वॉर्डाच्या (निशिकासाई त्यातच येतं) सरकारी शाळेत आहेत. मुंबईत जॉईन केलेल्या शाळेतून उचलून इकडे.

पहिली गोष्ट, तुझ्या लेकीची वेळ फार चांगली जमून आलीय. २ एप्रिलच्या आत सहा पूर्ण म्हणजे ती याच एप्रिलमध्ये पहिलीत, सगळ्या वर्गाबरोबर एकाच दिवशी. सगळेच नवे, सगळेच रडवेले. मधेच तिसरीत जाऊन बसणाऱ्या मुलाचे हाल वेगळे असतात. परदेशी मुलांना शाळा सक्तीची नाही, म्हणून वॉर्ड आपणहून मागे लागेलच असं नाही. पत्ता नोंदवायला जाल (राहायला गेल्यापासून १४ दिवसांत जावंच लागतं) तेव्हाच शाळेचा अर्ज द्या. तिथेच बालभत्त्याचाही द्या. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५,००० येन, मोठीला १०,०००, आणि ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची मर्यादा नाही. मुलांचं औषधपाणीही फुकट, त्याचं कार्ड मिळतं.

सरकारी शाळेला फी नाही, पण यादी आहे. रान्दोसेरू नावाचं दप्तर ५०,००० येनच्या घरात जातं, सहा वर्षं टिकतं. तुम्ही तीनच वर्षं असाल तर वापरलेलं घ्या, परतणारी कुटुंबं देतात. वर्गात घालायचे वेगळे बूट. आणि गणिताचा डबा! त्यात चकत्या, काड्या, आकड्यांची कार्डं, खोटी नाणी, आणि या प्रत्येक तुकड्यावर मुलाचं नाव हिरागाना या जपानी लिपीत चिकटवायचं. नखाएवढ्या काडीवर ‘कुलकर्णी’ लिहून दाखवा कोणीतरी. नावाचे बारीक स्टिकर छापून मिळतात, आत्ताच मागवा.

मुलं चालत जातात, एकटी. पहिलीच्या दप्तराला पिवळं कव्हर असतं म्हणजे गाडीवाल्यांना कळतं. ओढला की किंचाळणारा भोंगा पट्ट्याला लावलेला असतो. पहिल्या आठवड्यात मी खांबाआडून मागे मागे जायचे. कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभे असलेले आजोबा मला बघून मान लववायचे.

जेवण शाळेतच, आणि टोकियोत आता त्याचे पैसे घेत नाहीत. पण तुम्ही शाकाहारी असाल तर इथे थांबा. दाशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी, सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं. आम्ही मालवणचे, सुटलो. ज्यांना चालत नाही ते शाळेशी बोलून डबा देतात. महिन्याचा तक्ता आधी येतो, त्यात जे असेल तसंच दिसणारं शाकाहारी करून देणाऱ्या आया मी बघितल्यात. त्यांना साष्टांग दंडवत, माझ्याच्याने झालं नसतं.

भाषेचं: वॉर्डाकडून सुरुवातीला जपानी शिकवायला माणूस येतो, पण तास मोजकेच. खरं शिकणं होतं सुकुसुकु स्कूलमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर तिथेच खेळायची सोय. एदोगावात ती प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत आहे.

हडपसरी:
आम्ही परत आलेले, म्हणून उलटी बाजू. मुलगा सहावीत असताना आलो. जपानी सरकारी शाळेतून थेट पुण्यात. बोलायचं मराठी उत्तम, पण देवनागरी वाचताना पाचवीच्या मुलांसमोर अडखळायचा आणि त्याला त्याची भयंकर लाज वाटायची. तिथे कान्जी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं लिहिण्यात वर्गात पुढे होता, इथे ती कोण विचारतो. शिवाय त्याला वर्ग झाडायची सवय. पहिल्या दिवशी सुट्टीत झाडू शोधायला गेला, पोरं हसली.

मूल पहिलीत जाऊन चौथीच्या आत परत येणार असेल तर जपानी शाळा बिनधास्त घ्या, काही बिघडत नाही. पाचवी-सहावीपुढे राहणार असाल तर मात्र आधी ठरवा. निशिकासाईला राहण्याचा फायदा हाच की सीबीएसईच्या भारतीय शाळा त्याच टापूत आहेत, पुढे बदलायची वेळ आली तर घर हलवावं लागत नाही. फी मात्र बघून घ्या, कंपनी देते का ते करारात लिहून घ्या.

आणि तीन वर्षांवर विश्वास ठेवू नका. तीनची सहा होतात. माझ्या वेळी येनला ६५-७० पैसे यायचे, आता साठच्या आसपास. साठवून परत येऊ म्हणणारे अजून साठवताहेत.

मधलीसुट्टी:
मी धाग्यातल्या लेकीच्या जागेवरून लिहितेय. वयाच्या सातव्या वर्षी एदोगावाच्या सरकारी शाळेत गेले, आता पुण्यात कॉलेजला आहे.

मुकी होईल ही भीती आईला पण होती. मला त्या गप्प दिवसांचं फारसं काही आठवत नाही. चित्रं काढायचे, एक मुलगी रोज माझ्या शेजारी बसून माझ्या रंगपेटीतला जांभळा वापरायची, एवढंच. मला आठवतं ते नंतरचं. मला भाषा आली आणि आईला नाही आली. मग वॉर्ड ऑफिसात मी, दवाखान्यात मी, शाळेच्या पालकसभेतसुद्धा बाईंचं बोलणं आईला मीच सांगायचे, माझ्याच तक्रारींसकट. त्या मी अर्थातच गाळायचे. पण एकदा आईला बरं नव्हतं तेव्हा डॉक्टर जे म्हणाले त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि जे कळलं ते आईला सांगायची माझी तयारी नव्हती. मी तिसरी-चौथीत होते.

काकू, तिला कुठल्याही शाळेत घाला, ती तरून जाईल. तुम्ही जपानी शिका. वॉर्डात स्वयंसेवकांचे वर्ग असतात, नाममात्र पैशात, काही ठिकाणी लहान मूल बरोबर चालतं.

गोधडी:
मधलीसुट्टी, हे आईला वाचायला दिलंस का?

मधलीसुट्टी:
आई इथे वेगळ्या नावाने आहे :) बहुतेक वाचेल.

नकाशेबाज:
एवढं सगळं बोललात, पुराचं कोणीच नाही. एदोगावा वॉर्डाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. पश्चिमेला आराकावा नदी, पूर्वेला एदोगावा नदी, दक्षिणेला समुद्र. २०१९ मध्ये वॉर्डानेच घरोघर वाटलेल्या नकाशावर ‘इथे थांबू नका’ असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. मी तरी मुलाबाळांना घेऊन तिथे तळमजला घेणार नाही.

धनुकली:
म्हणूनच आम्ही नवव्या मजल्यावर आहोत. नकाशा फ्रिजवर लावलाय. इथली शाळा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. खुर्चीवर मुलं ज्यावर बसतात ती उशी खरं म्हणजे भूकंपात डोक्यावर घालायची टोपी असते. वर्षातून एकदा पालकांनी जाऊन मुलांना ताब्यात घ्यायची तालीम होते, यादीतल्या माणसाशिवाय कोणाच्या हाती मूल देत नाहीत. त्या यादीत आईवडिलांशिवाय आणखी नाव लागतं. माझ्या यादीत शेजारच्या तमिळ ताईंचं आहे, तिच्या यादीत माझं. कावळेदादा, तुमच्या यादीत कोण आहे?

कावासाकीचा_कावळा:
टीव्हीवाल्या आज्जी.

धनुकली:
बरं, हे आवडलं.

सांगलीचे_आजोबा:
मी मुलाकडे दोनदा जाऊन आलो आहे. आईवडिलांसाठी लिहितो. भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा, वाढवून मिळेल असं धरून चालू नये. तिथला आरोग्य विमा आम्हाला लागू होत नाही, म्हणून इथून प्रवासविमा चांगला घ्यावा, आधीच्या आजारांचं कलम वाचून.

औषधांकडे लोक दुर्लक्ष करतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याचीच बरोबर नेता येतात. तीन महिन्यांची न्यायची तर आधी ऑनलाइन अर्ज करून युन्यू काकुनिन-शो हे संमतिपत्र घ्यावं लागतं. मुलाने केलं, पैसे लागले नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्या मुळीच नेऊ नयेत. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्यांचं बी हेही नाही. हिनं गोडा मसाला आणि मेतकूट नेलं, कोणी अडवलं नाही.

तिथे दिवस जातो कसा हे मात्र ज्याचं त्यानं बघावं. मी नातवाबरोबर फिरायचो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभा राहिलो की तो माझा शर्ट धरून डावीकडे ओढायचा. निशिकासाईत बागेत गुजराती, तेलुगू, आपले, सगळे आजोबा जमतात. राजकारण तेच, फक्त बाकं स्वच्छ.

बेलाचं_पान:
अवांतर, पण तिकडे गेल्यावर आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात नक्की जा. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, मूर्ती मात्र कधी दाखवत नाहीत. दुर्वांऐवजी मुळा वाहतात! माझ्या सासऱ्यांनी तिथे उभं राहून पूर्ण अथर्वशीर्ष म्हटलं, पुजारी हात जोडून ऐकत होते.

घरच्या गणपतीचं विसर्जन बादलीत. नदीत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

नकाशेबाज:
मुळ्याचा वास आवडणारा गणपती पहिल्यांदाच ऐकला.

शेवग्याची_शेंग:
सगळ्यांचे आभार, काल रात्री एकापर्यंत आम्ही दोघं हा धागा समोर ठेवून बसलो होतो. ठरलंय ते असं: पहिलं वर्ष निशिकासाई, यू-आरमध्ये, चौथ्याच्या वरचा मजला. लेक सरकारी शाळेत, म्हणजे दोन्ही पक्षांचं निम्मं-निम्मं. नवरा म्हणतो एका वर्षाने परत मतदान घ्यायचं. मी म्हटलं, घेऊ, पण मतदार दिवसा घरात राहणारेच. यावर तो हसला, म्हणजे अर्धं पटलंय.

मी पुढच्या सोमवारपासून कर्वे रोडला सकाळी सातच्या जपानीच्या वर्गाला जातेय. व्हिसाचा प्रकार एचआरला विचारला, त्यांनाही माहीत नव्हतं, बघून सांगतो म्हणाले. नावाचे स्टिकर मागवलेत. आमचं आडनाव ‘सहस्रबुद्धे’ आहे, त्यामुळे सुरमईताई, तुमच्या कुलकर्ण्यांचं मला आता काही वाटत नाही.

सुरमई_फ्राय:
देवा! त्या काडीवर हिरागानात? पहिलं नावच लिही बाई, वर्गात दुसरी कोणी त्या नावाची नसणार.

चहा_बिनसाखरेचा:
नवऱ्याला जानेवारीतच वॉर्ड ऑफिसात पाठव, रिकाम्या होइकुएन जागांची यादी ऑनलाइन असते पण इचिजी होइकुची नोंदणी केंद्रात जाऊन करावी लागते. मूल बरोबर लागतं बहुतेक ठिकाणी, तेव्हा निदान कागद तरी घेऊन ठेवेल.

ओसाकाची_ओवी:
इथे ओसाकाचं कोणी आहे का? आम्हाला एप्रिलमध्ये जायचंय. आणि तिकडे सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात म्हणे, खरं का?

सांगलीचे_आजोबा:
खरं आहे. नातवाने तेही सांगून ठेवलं होतं.